मधला माणूस : स्थानिक रोजगार सेवा कशा चालतात

काम रिकामे असणे आणि माणूस रिकामा असणे या दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यात, एकाच दिवशी घडू शकतात. चाकणच्या कारखान्यात वेल्डरची जागा महिनाभर पडून असते आणि तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर आयटीआय झालेला वेल्डर घरी बसलेला असतो. कारखान्याला त्याचा पत्ता नसतो आणि त्याला जागेची खबर नसते. खबर लागली तरी मालकाला प्रश्न पडतो की याचा हात कसा चालतो, आणि कामगाराला प्रश्न पडतो की पगार वेळेवर मिळेल का. रोजगार सेवा हे अंतर भरून काढते. ती नवे काम निर्माण करत नाही. खबर पोचवणे, माणूस पारखणे आणि दोन्ही बाजूंना हमी देणे ही तिची तीन कामे.

ही कामे महाराष्ट्रात अनेकांनी केली आहेत : मुकादमाने, सरकारी कार्यालयाने, माथाडी मंडळाने, समुपदेशकाने, प्लेसमेंटवाल्याने, कंत्राटदाराने. त्यांच्या पद्धती निरनिराळ्या असल्या तरी त्यांना समजून घेण्याची किल्ली एकच आहे. मधल्या माणसाचे पैसे कोण देतो, हे कळले की तो कोणाच्या बाजूने झुकेल याचा अंदाज येतो.

मुकादम, जॉबर आणि नाका

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भरती जॉबरच्या हातात होती. तोच गावाकडून माणसे आणी, त्यांना साच्यावर उभे करी, रजा मंजूर करी आणि कामावरून काढूनही टाकी. रीळ आणि वाइंडिंग खात्यांत स्त्रिया काम करत; तिथे हेच अधिकार नायकिणीकडे असत. गिरणी जॉबरला पगार देई, पण त्याची खरी कमाई कामगारांकडून मिळणाऱ्या दस्तुरीवर चाले. जितकी माणसे बदलतील तितकी दस्तुरी जास्त, त्यामुळे कामगार कायम होण्यात जॉबरला काडीचाही रस नव्हता. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले आणि भरतीसाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. कार्डधारकाने रोज सकाळी गिरणीत हजेरी लावायची आणि गैरहजर कामगारांच्या जागा कार्डधारकांतूनच भरायच्या, असा नियम झाला. जॉबरची मर्जी जाऊन तिथे नोंदवही आली, त्याची ही सुरुवात होती.

ऊसतोडीत मुकादम आजही आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जाणाऱ्या टोळ्या तोच जमवतो. मजुरी माणशी ठरत नाही, कोयत्यावर ठरते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो आणि ती तोडलेल्या उसाच्या टनावर फिटत जाते. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. मुकादमाला कमिशन मिळते, पण टोळीतले कोणी पळाले तर बुडालेली उचल त्याच्याच अंगावर येते. म्हणून खबर, पारख आणि हमी ही तिन्ही कामे तो करतो आणि तिन्हींची किंमत शेवटी मजुराच्या घामातून वसूल होते.

शहरात मजूर नाका आहे. इथे मध्यस्थ जवळपास नसतोच. सकाळी सात-साडेसातला माणसे रस्त्याच्या कडेला उभी राहतात आणि हातातल्या सामानावरून त्यांचा धंदा ओळखू येतो : थापी-ओळंबा घेतलेला गवंडी, ब्रश-रोलर घेतलेला रंगारी, घमेले-फावडे घेतलेला बिगारी. ठेकेदार दुचाकीवर येतो, बोटांनी संख्या सांगतो आणि रोज ठरतो. उन्हे वर येऊ लागली की भाव उतरतो, कारण उरलेल्या मजुराला दिवस वाया जाण्याची धास्ती असते. नाक्यावर खबर आणि पारख होते, हमी मात्र कोणाचीच नसते. संध्याकाळी मजुरी बुडाली तर ठेकेदाराचे नावही ठाऊक नसते.

याच कारणाने नाका कामगार कायद्याच्या कक्षेत आणणे अवघड गेले. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने घातलेल्या अटींनुसार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वय १८ ते ६० असावे लागते आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. रोज नव्या माणसाकडे काम करणाऱ्याला हा दाखला द्यायचा कोणी? महाराष्ट्रात ठेकेदाराबरोबरच ग्रामसेवक आणि नगरपालिका-महानगरपालिकांचे नेमलेले अधिकारी यांनाही तो देण्याची मुभा आहे, ती याच अडचणीमुळे. मंडळाचा पैसा बांधकामाच्या खर्चावरील १ टक्का उपकरातून येतो. मजुराच्या रोजातून नाही.

एक्स्चेंजचे कार्ड

सरकारी सेवायोजनाचा जन्म युद्धातून झाला. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांना आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील कामगारांना पुन्हा कामाला लावण्यासाठी जुलै १९४५ मध्ये केंद्रीय महासंचालनालय स्थापन झाले. १९४८ मध्ये त्याच्या सेवायोजन कार्यालयांची, म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची, दारे सर्वांना उघडली. शिवा राव समितीच्या शिफारशीनंतर १ नोव्हेंबर १९५६ पासून या कार्यालयांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. खर्च सरकारी तिजोरीचा आणि सेवा दोन्ही बाजूंना मोफत, हे तत्त्व पहिल्यापासून पाळले गेले.

नोंदणीची पद्धत साधी होती. उमेदवाराचे शिक्षण, अनुभव आणि भाषा एका इंडेक्स कार्डावर लिहिल्या जात आणि त्याला ओळखपत्र मिळे. लोक त्याला ‘एम्प्लॉयमेंट कार्ड’ म्हणत आणि नाव नोंदवण्याला ‘एक्स्चेंजला नाव घालणे’. प्रत्येकाला व्यवसायाचा सांकेतिक क्रमांक दिला जाई. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाच्या २०१५ च्या आवृत्तीत हा क्रमांक ८ अंकी आहे आणि पहिल्या अंकावरून मुख्य गट कळतो : २ म्हणजे डॉक्टर-अभियंत्यांसारखे व्यावसायिक, ४ म्हणजे कारकुनी कामे, ७ म्हणजे कारागीर, ९ म्हणजे प्राथमिक स्वरूपाची अंगमेहनतीची कामे. जागा निघाली की त्या क्रमांकाची कार्डे काढून ज्येष्ठतेनुसार नावे पाठवली जात. नूतनीकरणाची तारीख चुकली की ज्येष्ठता जाई. म्हणून कित्येक घरांत या कार्डाची तारीख रेशनकार्डाइतकीच जपली जाई.

१९५९ च्या कायद्याने रिक्त जागा कळवणे सक्तीचे केले. तो १ मे १९६० पासून अमलात आला. सरकारी आस्थापना आणि २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापना त्याच्या कक्षेत होत्या. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरअखेर ‘ईआर-१’ हे तिमाही विवरणपत्र भरावे लागे. पण कायद्याच्या कलम ४ मध्येच मालकाला मोकळीक होती. जागा कळवणे बंधनकारक होते, एक्स्चेंजने पाठवलेला माणूस घेणे बंधनकारक नव्हते. जागा न कळवल्यास पहिल्या गुन्ह्याला कमाल दंड ५०० रुपये होता. खासगी कारखान्यांनी विवरणपत्रे भरली आणि माणसे मात्र आपल्या ओळखीतून घेतली.

सरकारी नोकऱ्यांत एक्स्चेंजचा दबदबा टिकला, कारण तिथे त्याच्याकडूनच नावे मागवण्याचे आदेश होते. १९९६ मध्ये आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, एक्स्चेंजकडून नावे मागवावीतच, पण वर्तमानपत्रांतून आणि इतर माध्यमांतूनही जाहिरात द्यावी आणि अर्ज करणाऱ्या सर्वांचा विचार व्हावा. संधीची समानता त्यामुळे वाढली आणि कार्डाचे वजन घटले. गोव्यात मात्र सरकारी पदांच्या जाहिरातींत वैध एम्प्लॉयमेंट कार्ड आजही मागितले जाते.

एक्स्चेंजच्या चालू नोंदवहीतील आकडा बेकारांचा आकडा म्हणून वापरण्याची चूक नेहमी होते. कुठे तरी नोकरीला असलेले पण सरकारी जागेची वाट पाहणारे अनेक जण त्यात असतात, आणि नाक्यावर उभा राहणारा बिगारी बहुधा त्यात नसतो.

महाराष्ट्रात या कार्यालयांचे नाव आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असे आहे आणि नोंदणी ‘महास्वयम्’ या संकेतस्थळावर होते. केंद्राची राष्ट्रीय करिअर सेवा २० जुलै २०१५ रोजी सुरू झाली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने १९५९ च्या कायद्याची जागा घेतली. तिच्यात कार्यालयाला ‘करिअर केंद्र’ म्हटले असून खासगी आस्थापनांची मर्यादा २५ वरून २० वर आली आहे. तिच्यासह चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. जिल्हा केंद्रांचे आजचे मोठे काम रोजगार मेळाव्यांचे आणि उमेदवारीच्या योजनांचे आहे. ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. ते सरकार देते, त्यामुळे आस्थापनेला माणूस पारखून घेण्याची संधी बिनखर्चाने मिळते. मुदत संपल्यावर त्याला ठेवून घेण्याचे बंधन मात्र तिच्यावर नसते.

माथाडी मंडळ आणि रोजगार हमी

महाराष्ट्राने मध्यस्थीचे दोन स्वतःचे प्रयोग केले. पहिला १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांनी दिलेल्या लढ्याचे ते फळ. गोदी कामगारांसाठी १९४८ मध्ये झालेला कायदा त्याच्या आधी होता. माथाडी मंडळात मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असतात. व्यापाऱ्याची आणि हमालाची दोघांचीही नोंदणी मंडळाकडे होते. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर काम करतो, पण मजुरी मंडळामार्फत मिळते. व्यापारी मजुरीबरोबर त्यावर ठरलेली लेव्ही भरतो आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा आणि औषधोपचाराचा खर्च भागतो. टोळीचा मुकादम राहिला, पण पगाराची चावी त्याच्या हातून गेली. एकच मालक नसलेल्या कामगारालाही कायम कामगाराचे हक्क देता येतात, हे या रचनेने दाखवले. १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला. बोगस टोळ्यांची दादागिरी आणि यंत्रांनी माल हलवला तरी हमालीची मागणी, अशा व्यापाऱ्यांच्या तक्रारी आहेत. त्या मंडळाच्या देखरेखीतल्या उणिवांकडे बोट दाखवतात.

दुसरा प्रयोग रोजगार हमीचा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे तो सुरू झाला, १९७२ च्या दुष्काळाने त्याला राज्यभर नेले आणि १९७७ मध्ये कायदा झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, ही त्यातली हमी. इथे सरकार मध्यस्थ न राहता स्वतःच काम देणारे झाले. खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला गेला. शहरी पगारदाराने दरमहा थोडे द्यायचे आणि त्यातून गावातल्या मजुराला काम मिळायचे, असा तो हिशेब होता.

कल, क्षमता आणि जवळची एमआयडीसी

मुंबई सरकारने १९५० मध्ये व्यवसाय मार्गदर्शन विभाग सुरू केला आणि शाळांतून मार्गदर्शक शिक्षक तयार केले. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने मानसशास्त्रीय चाचण्यांची परंपरा उभी केली. २०१६ पासून काही वर्षे राज्य मंडळाने दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली.

कल आणि अभिक्षमता यांत गल्लत होते. कल म्हणजे काय करावेसे वाटते. अभिक्षमता म्हणजे काय शिकायला सोपे जाईल. यंत्रे उघडून बघायची हौस असलेल्या मुलाची अवकाशीय क्षमता बेताची असू शकते, आणि आकडेमोडीत तल्लख असलेल्या मुलीला हिशेबाचा कंटाळा असू शकतो. चांगला समुपदेशक दोन्ही मोजतो, घरची ऐपत आणि घरच्यांची अपेक्षा विचारतो, आणि एकच शाखा न सुचवता दोन-तीन वाटा त्यांच्या खर्चासह समोर ठेवतो.

यात स्थानिक माहितीचा वाटा मोठा असतो. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांजवळ राहणाऱ्या मुलाला आयटीआयमधला केमिकल प्लांट अटेंडंट-ऑपरेटरचा ट्रेड घराजवळ काम मिळवून देऊ शकतो. इचलकरंजीत यंत्रमागाचे आणि नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये यंत्रकामाचे कौशल्य चालते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार ३० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. त्या जागा कुठे आहेत हे ठाऊक असलेला समुपदेशक चाचणीच्या रंगीत अहवालापेक्षा जास्त उपयोगी पडतो. समुपदेशन आणि क्लासचा प्रवेश एकाच काउंटरवर होत असेल तर सल्ला कोणत्या बाजूला झुकेल हे उघड आहे. फी पालक देतात, पण मोठी कमाई प्रवेशातून होते.

प्लेसमेंट, कंत्राट आणि पगाराची पावती

खासगी प्लेसमेंटचा सरळ धंदा असा : कंपनी जागा सांगते, एजन्सी उमेदवार गाळून पाठवते आणि माणूस रुजू झाला की त्याच्या पगाराच्या प्रमाणात कंपनीकडून शुल्क घेते. उमेदवाराने दमडीही द्यायची नसते. त्याच्याकडून नोंदणी, गणवेश किंवा अनामत या नावाने पैसे मागितले जातात तेव्हा धंद्याची दिशा उलटलेली असते, कारण माणूस कामाला लागला नाही तरी एजन्सीची कमाई झालेली असते. परदेशी नोकरीसाठी नियम वेगळा आहे. १९८३ च्या स्थलांतर कायद्यानुसार नोंदणीकृत भरती एजंटलाच माणसे पाठवता येतात आणि तो उमेदवाराकडून कमाल ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी घेऊ शकतो. कोकणातून आखाताकडे जाणाऱ्यांनी पैसे मोजण्याआधी एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

कंत्राटदार प्लेसमेंटवाल्यापेक्षा वेगळा असतो. माणूस काम करतो कारखान्यात, पण पगारपत्रकावर असतो कंत्राटदाराच्या. श्रमसंहितांपूर्वीच्या नियमांनी हिशेब पाहू. समजा, एका कामगाराचे मूळ वेतन व महागाई भत्ता १२,००० आणि घरभाडे भत्ता ३,००० रुपये आहे. १२,००० वर १२ टक्के दराने पीएफचे १,४४० रुपये कापले जातात. एकूण १५,००० वर ०.७५ टक्के दराने ईएसआयचे ११३ रुपये जातात. पुरुष कामगाराचा व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. म्हणजे एरवीच्या महिन्यात हातात १३,२४७ रुपये येतात. मालकाच्या बाजूने पीएफचे तेवढेच १,४४० आणि ईएसआयचे ३.२५ टक्के, म्हणजे ४८८ रुपये भरायचे असतात. त्यावर कंत्राटदाराचा सेवा आकार लागतो.

सेवा आकाराचा आकडा जवळजवळ शून्य लावून कंत्राट मिळवले जाते तेव्हा कंत्राटदाराची कमाई कुठून होते, हा प्रश्न विचारायलाच हवा. मालकाचा पीएफचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून कापणे, ओव्हरटाइम साध्या दराने देणे, बँकेत जमा झालेल्या पगारातून रोख परत घेणे, या त्याच्या नेहमीच्या वाटा. कापलेला पीएफ खरोखर भरला जातो की नाही, हे यूएएन क्रमांकावरून पासबुक उघडून कामगाराला स्वतः पाहता येते. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते.

मनुष्यबळ विभाग

कारखान्याच्या आत हेच काम मनुष्यबळ विभाग करतो. त्याचे मूळ व्हिटली कमिशनने सुचवलेल्या कामगार अधिकाऱ्यात आहे. मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालेल्या दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, आणि १९४७ च्या मुंबई कामगार संस्थेने अशा अधिकाऱ्यांच्या पिढ्या घडवल्या. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. नव्या श्रमसंहितांत ही मर्यादा २५० आहे.

एमआयडीसीतल्या बहुतेक लहान युनिट्समध्ये असा विभाग नसतो. पंधरा-वीस माणसांच्या वर्कशॉपचे पगारपत्रक, पीएफ-ईएसआयचे चलन आणि हजेरीपट बाहेरचा लेबर कन्सल्टंट सांभाळतो. एकेकाकडे अशी डझनावारी युनिट्स असतात. भरती मात्र मालक किंवा सुपरवायझर करतो, बहुधा जुन्या कामगाराच्या शिफारशीने. या पद्धतीत पारख आणि हमी दोन्ही फुकट मिळतात, पण त्या वर्तुळाबाहेरचा माणूस कायम बाहेरच राहतो.

स्थानिक म्हणजे कोण

महाराष्ट्राच्या धोरणानुसार सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकीय पदांवर किमान ५० टक्के आणि एकूण किमान ८० टक्के स्थानिक नेमावेत अशी अपेक्षा आहे. ‘स्थानिक’ म्हणजे राज्यात १५ वर्षे वास्तव्य असलेला. जमिनी गेलेल्या गावाला मात्र स्थानिक म्हणजे गावचा किंवा फार तर तालुक्याचा माणूस अभिप्रेत असतो. कारखान्याच्या फाटकावरच्या बऱ्याच तंट्यांचे मूळ या दोन व्याख्यांमधल्या अंतरात आहे : कारखाना कागदावर ८० टक्के दाखवतो, गाव आपली मुले मोजते. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के आरक्षणाचा कायदाच केला होता; पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द ठरवला. महाराष्ट्राची अट सवलतींशी बांधलेली असल्याने तिचा जोर सवलतीपुरताच राहतो.

टक्केवारीने जागा राखता येते, पण त्या जागेसाठी माणूस तयार करता येत नाही. जिथे कारखाना येणार हे दोन वर्षे आधी ठाऊक असते, तिथे जवळच्या आयटीआयमध्ये योग्य ट्रेड सुरू करणे, जिल्हा केंद्रात नावे नोंदवून घेणे आणि पहिल्या तुकडीला शिकाऊ म्हणून त्याच कारखान्यात पाठवणे शक्य असते. त्याचा खर्च सरकार आणि कारखाना यांनी वाटून घेतला तर गावातल्या तरुणाला फाटकापर्यंत पोचण्यासाठी ना उचल घ्यावी लागते, ना दस्तुरी द्यावी लागते.